पोरीला पहिलं नाटक कोणतं दाखवू? आणि तुमचा न विसरलेला प्रयोगही सांगा

त्रिमूर्तीनगरची_मीना | ५ नोव्हेंबर, रात्री ९.४०

आज रंगभूमी दिन ना. सकाळपासून तीन ग्रुपवर ते हसऱ्या-रडक्या मुखवट्यांचं चित्र येऊन राहिलं, मीपण दोन ठिकाणी पुढे ढकललं. मग दुपारी डबा खाताना एकदम लक्षात आलं की आपली पोरगी बारा वर्षांची झाली आणि तिनं हॉलमध्ये बसून एकही नाटक पाहिलेलं नाही. गॅदरिंगमध्ये ती स्वतः झाड झाली होती, तेवढाच तिचा रंगभूमीशी संबंध.

मी तिच्याहून लहान होती तेव्हा बाबा एका बालनाट्याला घेऊन गेले होते, लुनावर, मला पुढे उभी करून. नाटकाचं नाव विसरली. एवढं आठवते की मध्यंतरात बाबांना पान खायचं होतं म्हणून आम्ही हॉलच्या मागच्या बाजूला गेलो, तर मघाशी ज्याला पाहून मी बाबांच्या शर्टात तोंड लपवलं होतं तो राक्षस मागच्या दारात उकिडवा बसून बशीत चहा ओतून फुंकून राहिला होता, शिंगं काढून मांडीवर ठेवलेली. मला म्हणाला, "घेते का बेटा?" त्यानंतरचा अंक मी मान ताठ करून पाहिला, आता त्याची माझी ओळख होती ना.

तर सांगा, पहिलं काय दाखवू? नाटक, गाणं, काहीही चालेल, पण लाइव्ह पाहिजे. पोरीला विचारलं तर म्हणे, मोबाइल दोन तास बंद? मग तिथं करायचं काय? आणि तुमचा डोक्यातून न जाणारा एक प्रयोग पण लिहा. एकच. यादी नको.

तर्रीदार | ५ नोव्हेंबर, रात्री ९.४४

पहिला! पोहे घेऊन बसलो आहे. येऊ द्या.

धरमपेठी_काका | ५ नोव्हेंबर, रात्री ११.२०

मीनाताई, चांगला विषय काढला. एकच लिहायचा तर माझा संगीत नाटकाचा, 'कट्यार काळजात घुसली'. तेव्हा कॉलेजात होतो. खाँसाहेबांच्या भूमिकेत गायक वसंतराव देशपांडे. मी आणि माझा मित्र, दोघांनी मिळून फिजिक्सचं एक जाडजूड पुस्तक सीताबर्डीवर विकलं आणि तिकिटं काढली, घरी सांगितलं लायब्ररीत जातो. गाण्यातलं कळत काहीच नव्हतं. पण तो माणूस ज्या पद्धतीनं नुसता बसायचा ना, त्यात एक माज होता आणि त्या माजाच्या आत कुठेतरी भीती, हे मला त्या वयातही दिसलं. वन्समोअर झाले, लोक उठायला तयार नाहीत. आम्ही बाहेर पडलो आणि धरमपेठेकडे पायी निघालो. दोघंही गप्प. कोणी काही बोलेना. शंकरनगर चौक आला तेव्हा मित्र थांबला, खाली पाहिलं आणि म्हणाला, "अबे, ह्या माझ्या चपला नाहीत."

खुर्चीखाली काढून ठेवल्या होत्या, अंधारात दुसऱ्याच्या घालून आला. बरं एक डाव्या पायाची स्वतःची होती! म्हणजे कोणीतरी दुसरा माणूसही त्या रात्री तसाच एकेक घालून नागपुरात कुठेतरी चालत होता.

सांबारवडी | ५ नोव्हेंबर, रात्री ११.३१

काका, हा प्रतिसाद वाचून नवरा विचारून राहिला काय झालं एवढं हसायला. तो दुसरा माणूस धाग्यावर असेल तर हात वर करा प्लीज.

पुणेकर_नाइलाजाने | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

चपला भारी. पण काका, संगीत नाटक पाहायचं तर पुण्यात. तिकडे नागपुरात वर्षाला किती प्रयोग येतात? मी दहा वर्षं इकडे आहे, रोज काही ना काही असतं. मुलीला डिसेंबरात सरळ सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला आणा. एकदाच सगळं ऐकून होईल.

धरमपेठी_काका | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

असं काय? मग जरा हिशोब करू. 'कट्यार' १९६७ चं. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, आमच्या नागपूरचे, रंजन कला मंदिर त्यांनीच इथं उभं केलं. खाँसाहेब करणारे वसंतराव मूर्तिजापूरचे, आणि पहिले धडे घेतले ते नागपुरात सप्रे गुरुजींकडे. सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला त्यांचं नाव उगाच नाही. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, ते गोव्याचे, ते तुम्ही ठेवा.

तर्रीदार | ६ नोव्हेंबर, सकाळी ९.५२

पुणेकर भाऊ, झाला का नाश्ता?

पुणेकर_नाइलाजाने | ६ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

अरे मी मूळचा नागपूरच्याच महाल भागातला आहे, आयडीतला "नाइलाजाने" वाचा की :)

पेटीवाला | ६ नोव्हेंबर, दुपारी १.३०

नाव पेटीवाला असलं तरी मी तबल्याला बसतो, पेटी भावाची. माझी आठवण मे महिन्यातली. कोणाकडे तरी साठी होती आणि त्यानिमित्त गच्चीवर मांडव घालून गाणं ठेवलेलं. पाहुणे गायक बाहेरगावचे, वयस्क, तब्येतीनं भारी. दिवसा पंचेचाळीस, रात्री आठला पण झळा लागून राहिल्या होत्या. यजमान मोठे प्रेमळ. त्यांनी स्टेजच्या डाव्या अंगाला हा एवढा डेझर्ट कूलर लावला, नवीन वाळ्याची ताटी टाकून, आणि तोंड थेट आमच्याकडे.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तबल्याची पुडी म्हणजे कातडं. कोरड्या हवेत ती ताणते आणि तबला चढतो, ओलसर हवा लागली की सैल होते आणि उतरतो. मी नागपूरच्या कोरड्या हवेत काळी एकला, म्हणजे पेटीच्या त्या सुराला, चोख लावून बसलो होतो. कूलरचा ओला वारा पाच मिनिटं लागला आणि तबला बसला खाली. मी हातोडीनं गजऱ्यावर ठोकून वर आणला. पुन्हा उतरला. पुन्हा ठोकला. शेवटी मी खुणेनं सांगितलं, कूलर बंद करा. बंद केला तर बुवांना घामाच्या धारा, त्यांनी विलंबितात आलाप घेत घेत एका हातानं खूण केली, चालू करा. चालू केला तर मी उतरलो. यजमानांनी मग एका दहा वर्षांच्या पोट्ट्याला बटणापाशी उभं केलं. तो बिचारा माझ्याकडे पाहे, बुवांकडे पाहे. बुवांचा हात वर गेला की चालू, माझी मान हलली की बंद. पुढे पुढे तर काय झालं की बुवांनी तानेसाठी हात वर केला तरी तो कूलर लावे आणि मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मान हलवली की बंद करे.

अर्ध्या तासानंतर पब्लिक समेला त्या पोट्ट्याकडे पाहून दाद देऊन राहिलं होतं. बुवांना शेवटी हसू आवरेना, त्यांनी ख्याल आटोपता घेतला आणि ठुमरी काढली. ठुमरी मात्र अशी गायले की आजही तो राग कोणी काढला की मला वाळ्याचा वास येतो.

कूलरची_जाळी | ६ नोव्हेंबर, दुपारी १.४१

माझा आयडी घेतल्यापासून आज पहिल्यांदा सार्थक झालं.

अनाहूत | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मुलांना मोठ्यांच्या नाटकाला आणूच नये. मी एकदा फार वाट पाहून एका गंभीर नाटकाचं तिकीट काढलं होतं. दुसऱ्या अंकात आजोबा खाटेवर, घरात सगळे गप्प, ती शांतताच त्या नाटकाचा जीव होती. आणि माझ्या मागच्या रांगेतून स्पष्ट आवाज, "मम्मी, हा कधी मरणार?" सगळा हॉल हसला. खाटेवरचे आजोबाही हलले, मी पाहिलं. त्या कलाकारांनी दहा मिनिटं खपून जे बांधलं होतं ते गेलं. आजही मला तो प्रसंग आठवला की हसू येत नाही.

सांबारवडी | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२२

पण प्रश्न बरोबरच होता ना त्याचा :P

त्रिमूर्तीनगरची_मीना | ६ नोव्हेंबर, रात्री ८.१०

अनाहूत, तुमचं पटते थोडं. पण बारा वर्षांची आहे हो, पाच नाही. आणि मोठे काय कमी असतात काय? आमच्या ऑफिसमधला एक जण प्रयोग सुरू असताना फोन घेतो आणि तोंडावर हात ठेवून म्हणतो, "नाटकात आहे, बोल." बोल म्हणते तो!

अनाहूत | ६ नोव्हेंबर, रात्री ८.१८

त्यांनाही आणू नका.

वडसा_एक्सप्रेस | ६ नोव्हेंबर, रात्री ११.५५

काय बाप्पा तुम्ही हॉल हॉल करून राहिले. पोरीले खरं नाटक दाखवाचं असन तर दिवाळी झाली आहे, आता झाडीपट्टीत घेऊन या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, कुठंबी गावची मंडई, म्हंजे दिवाळीनंतरची जत्रा, पाहा. बुकिंग सारं वडशातून होते, सीझनमधी तिथं नाटक मंडळांची ऑफिसं लागून असतात. आमच्या झाडीपट्टीचे कलाकार परशुराम खुणेंले २०२३ ले पद्मश्री भेटली तेव्हा तुमच्या पेपरवाल्यायले समजलं का असं काही असते, आमी तर जन्मापासून पाहून राहिलो.

आता ज्यांनी पाहिलं नाही त्यांले सांगतो. नाटक सुरू होते रात्री दहा-अकराले, सुटते पहाटे. स्टेजवर वरून माइक लटकलेले असतात, जो बोलन तो माइकखाली येऊन बोलन. कलाकार आज या गावात हे नाटक, उद्या त्या गावात दुसरं, तालमीले टाइम कुठं, म्हून प्रॉम्प्टर पक्का लागते. कंधी कंधी त्याचा आवाज हिरोच्या आधी येते आणि पब्लिक हिरोकडं पाहते का हा आता बरोबर म्हणते का नाही. पेटी-तबला समोर. गाव पाहुण्यायनं भरून असते, बायका ब्लँकेट घेऊन, मांगं शेकोट्या.

माह्या आठवणीतलं म्हणाल तर मामाच्या गावचं. मंडईले साऱ्या सोयऱ्यायले बोलावतात आणि सोयरिकी तिथंच जमतात, हे तर ठाऊक असनच. तर आमच्या मामेभावाची बोलणी चालू होती. पोरीचा बाप, मामा आणि दोन-चार म्हातारे नाटकाच्या मांगं शेकोटीपाशी बसले. देण्याघेण्याचं जमेना. इकडं तीन वाजले, स्टेजवर हिरो मरून राहिला, हिरोईन त्याच्या आंगावर पडून रडून राहिली, पब्लिक सारं शांत, बाया पदर लावून. आणि मांगून माह्या मामाचा खणखणीत आवाज, "चला मंग, पक्कं!"

सारं पब्लिक मांगं वळलं. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. मंग सारेच वाजवू लागले. आणि स्टेजवरचा मेलेला हिरो, देवाशपथ सांगतो, कोपरावर उठून पाहे का झालं काय. प्रॉम्प्टर त्याले आतून सांगे, "मर, मर!" ते पण माइकमधी आलं.

मामेभावाचे लेकरं आता कॉलेजात आहेत. वहिनी अजून म्हणते, माह्या लग्नाले माणूस मेला होता.

पेटीवाला | ७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

"मर, मर" =)) सकाळी सकाळी चहा सांडला. २०१९ ला इथं रेशीमबागेत ९९ वं नाट्यसंमेलन झालं, प्रेमानंद गज्वी अध्यक्ष होते, तेव्हाही आमच्यात हीच चर्चा झाली होती की झाडीपट्टीला पाहुण्यासारखं बोलावतात. पाहुणा काय, तिकीट काढून रात्रभर बसणारं पब्लिक बाकी कोणाकडे आहे?

धरमपेठी_काका | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.०२

पेटीवाल्यांनी वर्मावर बोट ठेवलं. आपल्याकडे नाटक आलं की पहिला प्रश्न, पास आहेत का? ज्याला सहज तिकीट परवडतं तोही पास मागतो, कारण पास मिळणं म्हणजे वट. मुंबईहून इथं यायचं म्हणजे आठशे किलोमीटर. सेटचा ट्रक, कलाकारांची बस, राहणं, जेवणं. एका प्रयोगासाठी ते परवडत नाही म्हणून मग नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला असा दौरा जमला तरच येतात. आणि एवढं करून पहिल्या चार रांगा फुकट्या.

तर्रीदार | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

पण आता मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग झाला ना काका. सातशे एक किलोमीटर, सुसाट.

धरमपेठी_काका | ७ नोव्हेंबर, सकाळी १०.१३

ट्रकला डिझेल आणि टोल लागतो. त्याचा पास नसतो.

पुणेकर_नाइलाजाने | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

पासवरून आठवलं. माझी आठवण नाटकाची नाही, शिव्या घाला हवं तर. जानेवारी २०२५, नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम, कोल्डप्ले. तिकिटाच्या वेळी ऑनलाइन रांगेत माझा नंबर लाखांत होता, मी लॅपटॉप उघडा ठेवून भाजी आणायला गेलो आणि परत आलो तरी दोन हजारांनीच सरकला होता. शेवटी मित्राच्या बहिणीच्या मैत्रिणीनं काढलेलं एक जास्तीचं तिकीट मिळालं. जागा इतकी वर की स्टेजवरचा माणूस मला तिळाएवढा दिसत होता, त्यापेक्षा पुढच्या मुलीच्या मोबाइलच्या स्क्रीनवर मोठा दिसत होता. मी मनात म्हणतोय, एवढे पैसे मी दुसऱ्याचा मोबाइल बघायला दिले का?

आणि मग त्यांनी आत येताना मनगटावर बांधायला दिलेले ते पट्टे एकदम पेटले. सगळ्यांचे. आधी पिवळे, मग लाटेसारखा रंग इकडून तिकडे. माझ्या हातावरचा पेटला तेव्हा मला काय झालं माहीत नाही, घशात आवंढा आला. बाजूला एक सरदारजी काका होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, ते पण डोळे पुसत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. गाणं कोणतं चालू होतं ते आठवत नाही.

तर्रीदार | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.५८

त्या तिकिटात तर्री पोह्याच्या किती प्लेटा आल्या असत्या याचा हिशोब करायला घेतला होता, पण तू रडला म्हणून सोडून देतो.

रात्रपाळी | ८ नोव्हेंबर, पहाटे २.२०

मी उशिरा आलो. कोल्डप्लेवाल्यांना काही म्हणत नाही पण माझं दुःख वेगळं आहे. मी ज्या मैफली ऐकून मोठा झालो त्या रात्री दहाला सुरू व्हायच्या. वडील मांडीवर झोपवायचे, मध्येच जाग आली की समोर तोच माणूस गातोय, मी झोपलो तेव्हा वेगळा राग होता, आता वेगळाच. पहाटे भैरवीला मला मुद्दाम उठवायचे, म्हणायचे भैरवी चुकवायची नसते. बाहेर आलो की दूधवाले सायकली घेऊन निघालेले.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम चुकीचा नाही, मी स्वतः दवाखान्यात रात्रपाळी करतो, डीजेनं पेशंटचे काय हाल होतात ते मला ठाऊक. पण त्यापायी मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीचे राग आता संध्याकाळी साडेसातला आटोपतात, किंवा गायलेच जात नाहीत. माझ्या मुलानं दरबारी ऐकला तो रविवारी सकाळी अकरा वाजता, बंद हॉलमध्ये, एसीत. आवडला त्याला. मी बाजूला बसून घड्याळाकडे पाहत होतो.

अनाहूत | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

रात्रपाळी, खूप छान लिहिलंत. आणि हो, तुम्ही त्या मैफलीत झोपला होतात, प्रश्न विचारत नव्हतात, हे महत्त्वाचं.

इंदोऱ्याचा_निखिल | ८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

दोन दिवसांपासून वाचून राहिलो. सगळं मस्त आहे पण एक सांगू? पूर्ण धागा धरमपेठ, सिव्हिल लाइन्स आणि गच्चीवर फिरून राहिला. (वडसा भाऊ सोडून.) आमच्याकडे कोणाला लाइव्ह पाहायला तिकीट काढावं लागत नव्हतं. १४ एप्रिल आली की चौकात स्टेज, आणि दोन पार्ट्यांचा कव्वालीचा मुकाबला. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका, ती त्याला गाण्यात प्रश्न टाकणार, तो गाण्यातच जवाब देणार, आणि जवाब जमला नाही तर पब्लिक उभं राहून हसणार. माझी आजी शाळेत गेली नव्हती पण बाबासाहेबांचं अर्धं चरित्र तिला तारखेनिशी पाठ होतं, ते सगळं भीमगीतांतून.

माझी आठवण स्टेजची नाहीच. दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या वेळी आम्ही पोट्टे पाणीवाटपाच्या स्टॉलवर होतो. रात्रीचे एक-दीड झाले असतील. फुटपाथवर लोक पथारी टाकून झोपलेले. एक बाई, साठीच्या वरची, यवतमाळकडून आलो म्हणाल्या, बसून गात होत्या. माइक नाही, पेटी नाही, एक पोरगं डबा वाजवत होतं. लोककवी वामनदादा कर्डकांचं गीत. आधी तीन-चार जण ऐकत होते. मग आजूबाजूचे झोपलेले एकेक उठून बसले. कोणी जवळ गेलं नाही, आपापल्या पथारीवरच बसून धरू लागले. थोड्या वेळानं लांबपर्यंत तेच गाणं चालू, आणि गंमत अशी की टोकाचे लोक अर्धी ओळ मागे होते, त्यामुळे ते गाणं फुटपाथवरून चालत गेल्यासारखं वाटे. बंदोबस्ताचा पोलीस आला, मला वाटलं बंद करते. त्यानं बाईंना विचारलं, पाणी पाहिजे का माय?

ग्लास मीच नेऊन दिला. तेवढंच माझं त्या कार्यक्रमातलं काम.

धरमपेठी_काका | ९ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

निखिल, बरं झालं लिहिलंस. पन्नास वर्षं मी त्या रस्त्यानं जातो आणि रात्री दीडला तिथं कधी थांबलो नाही.

सांबारवडी | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

+१. अंगावर काटा आला.

अवांतर, मध्यंतरातल्या खाण्यावर अजून कोणी बोललं नाही हे नागपूरला शोभते का? हॉलच्या बाहेर गरम आलूबोंडा नसेल तर मला दुसरा अंक समजत नाही.

कूलरची_जाळी | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.३३

आलूबोंडा विथ तर्री. चणे पाहिजे वरून.

पुणेकर_नाइलाजाने | ९ नोव्हेंबर, सकाळी १०.४०

पुण्यात बटाटेवडा मिळतो. कोरडा. मी यावर अधिक बोलू इच्छित नाही.

(यानंतरचे एकवीस प्रतिसाद तर्री, चणे आणि कढी यावर असल्याने खाद्य विभागात हलवले आहेत. – व्यवस्थापन)

विंगेतला_उंदीर | ९ नोव्हेंबर, रात्री ११.१०

मीनाताईंच्या प्रश्नाकडे परत येऊ का? मी हौशीवाला, पंधरा वर्षं विंगेत. माझं म्हणणं, पोरीला राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला न्या. १९५४ पासून ही स्पर्धा चालू आहे, नागपूर केंद्रावर रोज एक नवीन नाटक, लक्ष्मीनगरला सायंटिफिक सभागृहात, आणि तिकीट एवढं स्वस्त की बाहेरच्या चहाचा खर्च जास्त येईल. सगळी नाटकं चांगली असतात असं मी म्हणणार नाही, काही तर फार वाईट असतात. पण पहिलं नाटक चकाचकच असलं पाहिजे असं काही नाही. तिथं माणसं दिवसभर बँकेत, शाळेत, महावितरणात नोकरी करून रात्री तालीम करून उभी राहिलेली असतात आणि ते दिसतं.

आता माझी आठवण. एका वर्षी आमच्या नाटकात जुन्या घरातला दिवाण लागत होता. भाड्याचे पैसे नाहीत. माझ्या मावशीचा दिवाण आणला, तिच्या आहेरातल्या चादरीसकट, हातापाया पडून. अट एकच, डाग पडता कामा नये. मावशी प्रयोगाला तिसऱ्या रांगेत, दिवाणावर नजर ठेवून. दुसऱ्या अंकात भांडण होतं आणि नायकानं रागात कप आपटायचा होता, टेबलावर. त्या दिवशी टेबल अर्धा फूट सरकलं होतं. कप दिवाणावर. चहा खरा होता, कारण दिग्दर्शकाला वास्तव पाहिजे होतं.

हॉलमध्ये एकदम शांतता आणि तिसऱ्या रांगेतून, "अबे चादर!"

नायक थिजला. पण आमची जी नायिका होती ना, ती खरी कलाकार. तिनं प्रेक्षकांकडे वळून पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आईची शेवटची आठवण होती ती." आणि चादर उचलून छातीशी धरून आत गेली. टाळ्या! नंतर परीक्षकांपैकी एकानं विचारलं, प्रेक्षकांतून येणारा तो आवाज, ही कल्पना कोणाची? दिग्दर्शक म्हणाला, माझी.

बक्षीस काही मिळालं नाही. मावशी दोन वर्षं बोलली नाही, जिवंतपणी शेवटची आठवण केली म्हणून.

तर्रीदार | ९ नोव्हेंबर, रात्री ११.२५

माझ्याकडून हाच पहिला नंबर. कूलरवाला पोट्टा दुसरा.

वडसा_एक्सप्रेस | १० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

आणि मेलेला हिरो?

तर्रीदार | १० नोव्हेंबर, सकाळी ९.००

तो मेला ना भाऊ.

त्रिमूर्तीनगरची_मीना | २७ नोव्हेंबर, रात्री १०.०५

नमस्कार मंडळी, धागा वर काढते. गेलो एकदाचे! उंदीरभाऊंचं ऐकून स्पर्धेलाच नेलं परवा, मंगळवारी. मोबाइल माझ्या पर्समध्ये. आम्हाला जागा मिळाली अगदी बाजूची, डाव्या टोकाची, तिथून विंगेतलं थोडं दिसे. मला वाटलं वाईट जागा. पोरीला तीच आवडली.

नाटक एका म्हाताऱ्या मास्तरांचं होतं, गाव सोडून न जाणाऱ्या. मला ठीकठाक वाटलं. पोरीनं पहिली पंधरा मिनिटं चुळबुळ केली, एकदा "किती वाजले" विचारलं. मग अंधार झाला प्रवेश बदलायला, आणि तिनं माझा हात घट्ट धरला. म्हटलं घाबरली. कानात म्हणते, आई, खाली बघ, चांदण्या. स्टेजवर जमिनीला रेडियमच्या पट्ट्यांचे तुकडे चिकटवलेले असतात ना, खुर्ची कुठं ठेवायची त्याच्या खुणा, ते अंधारात चमकून राहिले होते. आणि काळे कपडे घातलेला एक माणूस अंधारात बरोबर त्या ठिपक्यांवर खुर्ची ठेवून गेला. तेव्हापासून तिचं नाटक सुरू झालं. दर अंधाराला ठिपके मोजे. एकूण सतरा.

रात्री घरी येताना चहासाठी थांबलो तर गप्प. मला काकांचा तो मित्र आठवला, मी तिच्या पायांकडे पण पाहिलं, बूट तिचेच होते. घरी येऊन म्हणाली, नाटक चांगलं होतं पण ते आजोबा स्टेजवरच्या पायऱ्या उतरताना म्हातारे असतात आणि चढताना नसतात.

आता आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या चार पायांशी रेडियमचे स्टिकर लागले आहेत. काल रात्री हे पाणी प्यायला उठले आणि विचारून राहिले की घरात विमानतळ कोणी केला.

धरमपेठी_काका | २७ नोव्हेंबर, रात्री १०.३०

सतरा मोजले! अर्ध्या आयुष्यात मी एकही पाहिला नाही.

विंगेतला_उंदीर | २७ नोव्हेंबर, रात्री १०.४८

मीनाताई, एक मिनिट. मंगळवारी? म्हातारे मास्तर? गाव सोडत नाहीत ते?

त्रिमूर्तीनगरची_मीना | २७ नोव्हेंबर, रात्री १०.५२

हो. काऊन?

विंगेतला_उंदीर | २७ नोव्हेंबर, रात्री १०.५५

मेलो. आमचा मास्तर करणारा आठ दिवस आधी डेंग्यूनं आडवा झाला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला विंगेतून बाहेर काढून उभं केलं. तो म्हातारा मी आहे. चढताना पुढच्या वाक्याच्या टेन्शनमध्ये विसरून जायचो. परीक्षकांनाही दिसलं नाही हो ते.

तर्रीदार | २७ नोव्हेंबर, रात्री १०.५६

पोहे परत गरम करून राहिलो. थांबा.

त्रिमूर्तीनगरची_मीना | २७ नोव्हेंबर, रात्री ११.०४

अय्यो! सॉरी सॉरी. पोरीला आत्ता सांगितलं, ती झोपली नव्हतीच. ती म्हणते अंकलना सांग, आधी कोणता गुडघा दुखतो ते ठरवायचं, मग विसरायला होत नाही.

विंगेतला_उंदीर | २७ नोव्हेंबर, रात्री ११.०९

डावा. तिला सांगा, डावा ठरला.